लेकीचं नाव सई, पण इंग्रजी स्पेलिंग काय ठेवू? (वेगळ्या स्पेलिंगचे अनुभव हवेत)

निशिगंध | रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. दीड महिन्यापूर्वी मला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं झालं, नणंदेनं पाळण्यात नाव ठेवलं सई. माझ्या पणजीचं नाव सईबाई होतं, त्यामुळे आई तर रडलीच. नावावर घरात कुणाचंच दुमत नाही. अडलंय ते इंग्रजी स्पेलिंगवर.

नवरा म्हणतो एस-ए-आय, तीन अक्षरं, विषय संपला. मला ते नकोय कारण वाचणारा ते साईच वाचणार. मी म्हणते एस-ए-ई-ई. आणि नवऱ्याची मावशी, जिनं माझं सगळं बाळंतपण केलं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, रात्र रात्र बाळाला मांडीवर घेऊन बसणं, सगळं, ती परवा एका अंकशास्त्रवाल्यांकडून कागद घेऊन आली. त्यावर लिहिलंय एस-ए-ई-ई-एच. शेवटचा एच म्हणायचा नाही, फक्त लिहायचा. म्हणजे बेरीज १९ येते, १९ चा १ होतो आणि १ हा सूर्याचा अंक.

मला मावशीला दुखवायचं नाहीये. पण पोरीला जन्मभर जिथे जाईल तिथे "शेवटी एच आहे हां" असं सांगत बसावं लागेल हेही डोक्यातून जात नाही. जन्माची नोंद हॉस्पिटलमधून झालीय, नावाची जागा अजून रिकामी आहे. ज्यांनी मुलांची अशी वेगळी स्पेलिंग्ज ठेवलीत किंवा ज्यांची स्वतःचीच तशी आहेत त्यांनी खरे अनुभव सांगा प्लीज.

रानजाई | रात्री ११:४८

अगं, माझंच नाव सई आहे! आणि स्पेलिंग तुझ्या नवऱ्याला हवंय तेच, एस-ए-आय.

इंजिनिअरिंगला मी हैदराबादला होते. तिकडे साई हे मुलाचं नाव, वर्गात दोन-चार साई असतातच. ॲडमिशन झाली आणि हॉस्टेलच्या यादीत माझं नाव मुलांच्या ब्लॉकमध्ये. मी आणि बाबा दोन बॅगा, एक वळकटी घेऊन सकाळी सातपासून ऑफिसबाहेरच्या पायरीवर बसलो होतो, खोली मिळाली दुपारी दोनला. ते एकदाचं निभावलं, पण साई हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पहिले काही महिने मी सगळ्यांना सांगायचे, साई नाही, सई, आखूड स. मग कंटाळले आणि सोडून दिलं. आता ऑफिसातही साईच. घरी गेले की आई स्वयंपाकघरातून सई म्हणून हाक मारते आणि मी पहिल्या हाकेला वळत नाही, दुसऱ्या हाकेला वळते. याचं मला फार वाईट वाटतं.

आईबाबांना दोष देत नाही, त्यांना कुठे माहीत होतं मी कुठे जाणार आहे. पण तू आधीच विचार करतेयस तर तीन अक्षरं नको ठेवूस. डबल ई ठेव.

यवतमाळचा_गुरुजी | सकाळी ६:१५

ताई, मी जिल्हा परिषद शाळेत बावीस वर्षं झाली शिकवतोय, पहिलीचे प्रवेश बहुतेक माझ्याचकडे असतात. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही इंग्रजी स्पेलिंगकडे पाहतही नव्हतो. जनरल रजिस्टरला मराठीत नाव लिहिलं की झालं. आता प्रत्येक पोराचं नाव यूडायस प्लस या सरकारच्या शाळांच्या पोर्टलवर इंग्रजीत भरावं लागते आणि ते आधारशी जुळावं लागते, जुळलं तरच अपार आयडी, म्हणजे पोराचा कायमचा विद्यार्थी क्रमांक, तयार होतो.

मागच्या वर्षीचं सांगतो. पोराचं नाव वेदांत. जन्मदाखल्यावर शेवटी टी-एच, कारण आईला ते छान दिसलं. आधार काढताना केंद्रावरल्या माणसानं नुसता टी टाकला, त्याच्या हाताला तीच सवय. तुम्ही म्हणता तसाच एक एच. बाप शेतमजूर, कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तीन वेळा तालुक्याला गेला. एकदा सर्व्हर बंद, एकदा दाखल्याची मूळ प्रत नाही म्हणून परत, तिसऱ्यांदा काम झालं. तीन दिवसांची मजुरी म्हणजे त्या घरात काय ते मला माहीत आहे, म्हणून लिहून राहिलो.

वर्गात तीन आराध्या आहेत. एकीचं सुरुवातीला डबल ए, एकीचं शेवटी डबल ए, एकीचं कुठेच डबल नाही. हजेरी मराठीत असते तिथे तिघी सारख्याच, उच्चारही सारखाच. तिघींच्या आईवडलांना मी एकच सांगितलं की तुमचं स्पेलिंग चूक नाही, पण ते एका कागदावर लिहून भिंतीला लावा आणि कुठलाही फॉर्म भरताना त्यातूनच उतरवा. दहावीला बोर्डाची प्रीलिस्ट येते, नावं तपासायला पालकांना बोलावतो, तेव्हा काही काही बाप मलाच विचारतात, गुरुजी यातलं खरं कोणतं? तेव्हा काय उत्तर द्यायचं सांगा.

पारिजात | सकाळी ९:०५

मी दुसरी बाजू सांगते. माझ्या मुलाच्या नावात एक ए जास्त आहे आणि तो अंकशास्त्राप्रमाणेच घातलाय.

त्याच्याआधी माझी दोन बाळं राहिली नाहीत. तो चौतिसाव्या आठवड्यात झाला आणि अठरा दिवस काचेच्या पेटीत होता. माझी आई ते अठराही दिवस बाहेरच्या बाकावर बसून होती, आत जायला तिला परवानगी नव्हती. तिच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. तिनं कुणाला तरी विचारून स्पेलिंग आणलं आणि माझ्या उशाशी ठेवलं. मी तेव्हा तिला नाही म्हणू शकले नसते आणि आजही म्हणणार नाही. तो आता नऊ वर्षांचा आहे, सायकल चालवतो, भांडतो. स्पेलिंगमुळे झालं असं माझं म्हणणं नाही, पण तो जास्तीचा ए दिसला की मला तो बाक आठवतो.

त्रास म्हणशील तर आजवर झाला नाही, कारण पहिल्या कागदापासून तेच स्पेलिंग आहे, शिवाय ईशानमध्ये डबल ए घातला तर उच्चार बिघडत नाही, उलट नीटच होतो. तुझ्या केसमध्ये तो एच काही कामाचा नाही हे मला पटतं. पण मावशीला झिडकारू नकोस एवढंच सांगायचं होतं.

गणिती | सकाळी १०:३०

श्रद्धेबद्दल काही बोलत नाही, पारिजात यांनी लिहिलंय ते वाचून तर अजिबातच नाही. फक्त आकडेमोड मांडतो, ती निशिगंध यांना उपयोगी पडेल.

आपल्याकडे मुख्यतः दोन पद्धती चालतात. एक खाल्डियन, त्यात अक्षरांना १ ते ८ आकडे दिलेत, ९ कुठल्याच अक्षराला नाही. दुसरी पायथागोरसच्या नावानं चालते, तिच्यात १ ते ९ ओळीनं. मावशींचा कागद पहिल्या पद्धतीचा आहे. तिच्यात एस ३, ए १, ई ५, एच ५, आय १. म्हणजे एस-ए-आय ची बेरीज ५. एस-ए-ई-ई ची १४, म्हणजे परत ५. एच लावला की १९, म्हणजे १०, म्हणजे १. हिशोब बरोबर आहे. आता दुसऱ्या पद्धतीत एस १, ए १, ई ५, एच ८. एस-ए-ई-ई ची बेरीज १२, म्हणजे ३. एच लावला की २०, म्हणजे २. तोच एच, तेच बाळ, एका ठिकाणी १ आणि दुसऱ्या ठिकाणी २.

आणखी एक गोष्ट मला नेहमी खटकते. ही सगळी बेरीज रोमन अक्षरांची आहे. तुमच्या पणजीबाईंना कुणी इंग्रजीत लिहिलंच नसणार, मग त्यांचा अंक कुठला धरायचा?

मुंबईचा_पाऊस | सकाळी ११:१०

मोठ्या लोकांचं बघून हे वाढलंय असं वाटतं. रितेश देशमुखच्या नावात टी नंतर ई-आय आहे, अजय देवगणनं आडनावातला शेवटचा ए काढला, जयललितांनी २००१ मध्ये शेवटी एक ए वाढवला, येडियुरप्पांनी २००७ मध्ये स्पेलिंग बदललं आणि २०१९ मध्ये परत आधीचं घेतलं. पण त्यांचं नाव लोकांना आधी कानानं माहीत असतं, स्पेलिंग काहीही लिहा, उच्चार चुकत नाही. आपल्या मुलांची ओळख अनोळखी माणसाला पहिल्यांदा कागदावरच होते.

जुना_वाचक | दुपारी १२:४०

मी ज्ञानेश्वर. वय ७१. माझं स्पेलिंग डी-एन-वाय नं सुरू होतं, जसं मराठी माणूस लिहितो तसं, कारण आपण ज्ञ चा उच्चार द्न्य असा करतो. हिंदीवाले ग्य म्हणतात म्हणून ते जी-वाय लिहितात, संस्कृतची मंडळी जे-एन लिहितात. अक्षर एक, स्पेलिंग तीन, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

१९८१ साली माझी दिल्लीला बदली झाली. तिथे पहिल्या दिवशी हजेरीपत्रक वाचणारे गृहस्थ माझ्या नावाशी आले आणि थांबले. मग हळूहळू "डी… एन… दिनयान…" असं करत शेवटी आडनावावर गेले. साहेब भला माणूस होता, म्हणाला जी-वाय करून टाका, इथे सगळ्यांना सोपं जाईल. मी विचार केला आणि नको म्हटलं. माझं नाव आजोबांनी आळंदीच्या वारीहून आल्यावर ठेवलं होतं. ते ग्यानेश्वर झालं तर आजोबांना ओळखू आलं नसतं असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

ऋ चंही तसंच. आपली ऋतुजा आर-यू, उत्तरेत गेली की आर-आय. हृषीकेशचं तर आपण मराठीतच ऋषिकेश करून टाकलंय, मूळ शब्द हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश तो हृषीकेश, ऋषीशी त्याचा संबंध नाही. ळ ला तर रोमन लिपीत घरच नाही. आणि इंग्रजांच्या हातात पडल्यावर ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं सिंदिया झालं ते आज त्यांचं आडनावच होऊन बसलं. म्हणून म्हणतो बाळ, स्पेलिंग निवडताना तुझ्या भाषेतला उच्चार त्यात जास्तीत जास्त कसा टिकेल ते पाहा.

मांडवीकाठ | दुपारी २:२५

काकांनी इंग्रजांचं लिहिलं, मी गोव्यातलं सांगतो. आमच्याकडे जुनी स्पेलिंग्ज कुणी हौसेनं ठेवली नाहीत, पोर्तुगीज काळात लिहिणाऱ्यानं आपल्या कानाला लागलं तसं लिहिलं. श ला एक्स, क ला सी नाहीतर क्यू. नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई, देसाईत दोन एस, प्रभूचं पोरोबो, कामतचं कामोतीम. माझ्या आजोबांचं नाव काशिनाथ, नोंदीत मधे एक्स आहे, सी-ए-एक्स-आय असं सुरू होतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर बाबा मराठी शाळेत गेले, तिथल्या दाखल्यावर आजोबांचं नाव के-ए-एस-एच नं. बाप एकच, कागदावर दोन.

चुलतभाऊ पोर्तुगालचे कागद करायला लागला तेव्हा हे सगळं वर आलं, कारण १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांची नोंद तिकडे लिस्बनला लावायची असते आणि आजोबा, बाबा, मुलगा अशी साखळी जुळवावी लागते. काशिनाथ एक्सवाला आणि काशिनाथ के वाला हे एकच हे सांगायला प्रतिज्ञापत्रं करत बसला बिचारा. दुसऱ्यानं लिहिलेल्या एका अक्षरापायी तिसरी पिढी पळतेय. तुमच्या हातात आज पेन आहे, हे भाग्य समजा.

इसारकाठ | दुपारी ४:०० (म्युनिकहून)

आम्ही इकडे आठ वर्षं आहोत. मुलाचं नाव तेजस. जर्मनमध्ये जे चा उच्चार य, त्यामुळे इथे तो कागदावरून तेयास. जुई असती तर युई. एस नंतर स्वर आला की झ सारखं म्हणतात, ए-आय ला आय म्हणतात, म्हणजे निशिगंधचं एस-ए-आय इथे कुणीतरी झाय वाचेल.

नोंदणीच्या वेळी एका मैत्रिणीनं सुचवलं की जर्मन पद्धतीनं लिहा, ज साठी डी-एस-सी-एच. नवरा तयार होता. मी ते कागदावर लिहून बघितलं आणि मलाच माझ्या मुलाचं नाव वाचता येईना. आम्ही पाच अक्षरांचं आपलं नेहमीचं ठेवलं. बालवाडीच्या पहिल्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही घरी कशी हाक मारता? मी म्हटलं, त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, आणि त्याची जॅकेट अडकवायची खुंटी असते, तिच्यावर कोल्ह्याचं चित्र होतं, त्याखाली पेन्सिलनं त्यांच्या पद्धतीनं उच्चार लिहून ठेवला, स्वतःसाठी आणि दुसऱ्या बाईंसाठी. वर छापलेलं नाव आपलं, खाली पेन्सिलचं त्यांचं. आज तिथली सगळी पोरं त्याला तेजस म्हणतात. स्पेलिंग देशादेशाला पुरत नाहीच, पण विचारणारा माणूस भेटला तर काम होतं.

काळी_माती | संध्याकाळी ६:३५

माझं मत जरा वेगळंय. मला पोराचं स्पेलिंग वेगळं हवंच होतं आणि त्याला कारण आहे. आमच्या गावात माझं नाव, वडलांचं नाव आणि आडनाव अगदी सारखं असणारे आम्ही तिघं आहोत. एकाच भावकीतले. मागं एकाच्या कर्जाची नोटीस माझ्या दारात आली, म्हातारीनं दोन दिवस अन्न खाल्लं नाही. पीकविम्याचे पैसे एकदा दुसऱ्याच्या खात्यावर गेले, तो चांगला म्हणून आणून दिले. तेव्हाच ठरवलं की पोराचं नाव असं लिहायचं की दुसरं कुणी नसावं. शिवांशमध्ये मी आय च्या जागी डबल ई आणि शेवटी दोनदा एस असं केलंय. लोक नावं ठेवतात पण मला हौस नव्हती हो, भीती होती.

यवतमाळचा_गुरुजी | संध्याकाळी ७:१०

काळी_माती भाऊ, तुमचं कारण पटलं, असा विचार मी केला नव्हता. पण एक सांगतो, सातबारा मराठीत निघतो. तिथे शिवांश हा शिवांशच राहणार, दोन एस दिसणार नाहीत. तिथे आता आईचं नाव कामाला येईल. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या पोरांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नाव येते, म्हणजे मुलाचं, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव. तुमच्या त्या तिघांच्या घरी आया तर वेगळ्या आहेत ना.

निशिगंध | रात्री ९:५०

सगळ्यांचे किती आभार मानू. दिवसभर बाळ झोपलं की वाचत होते. रानजाई, तुझी पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला एस-ए-आय नको. म्हणजे एक विषय मिटला. आता प्रश्न फक्त एचचा.

एक विचारायचं होतं, नाव घालायला उशीर केला तर दंड आहे का? मावशीशी बोलायला मला थोडा वेळ हवाय. आणि गुरुजी, आईचं नाव येतं म्हणता, पण माझं नाव लग्नानंतर बदललंय, आधारवर नवीन आहे आणि पदवीवर जुनं. कुठलं लिहायचं?

खिडकी_चार | रात्री १०:३५

मी नोंदणीच्या कामातच आहे, म्हणून सांगतो. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो, तो तुमचा झालाय. नाव घालायला त्यानंतर वर्षभर काही शुल्क नाही, वर्ष उलटलं तर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. म्हणजे घाई नाही. पण वर्षभर थांबूही नका, आधार, लसीकरण, पाळणाघर, सगळीकडे "बेबी ऑफ" असं पडत जातं आणि मग तेही बदलत बसावं लागतं.

दुसरं महत्त्वाचं. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, त्यात २०२३ मध्ये सुधारणा झाली. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, लायसन्स, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, सगळ्याला जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. पासपोर्टलाही तसंच. पूर्वी दाखल्यावर एक, शाळेत दुसरं, असं चालून जायचं, लोक दहावीचं सर्टिफिकेट दाखवायचे. आता तुमच्या लेकीचा मुळाचा कागद हाच. त्यावर जे स्पेलिंग पडेल ते पुढे सगळीकडे जाणार.

बाळाचं निळं बाल आधार याच दाखल्यावरून निघेल. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं हे लक्षात असू द्या. मोठेपणी नाव बदलायचं तर राजपत्रात छापून आणावं लागतं, होतं ते, पण जुने सगळे कागद मागे धावतात.

आईच्या नावाचं म्हणाल तर तुमच्या आधारवर आज जे आहे तेच, अक्षर न अक्षर तेच. आणि माझी हात जोडून एक विनंती, छापायच्या आधी स्क्रीनवर स्वतः वाचा. इंग्रजी पण आणि मराठी पण. लोक फक्त इंग्रजी बघतात. इंग्रजी टाइप केलं की मराठी बरेचदा आपोआप येतं आणि ते चुकतं. अनघचं अनघा होतं, आर्यचं आर्या होतं, मुलाची मुलगी होऊन जाते.

पारिजात | रात्री १०:५०

हे फार उपयोगी सांगितलंत. आमच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

निशिगंध | नऊ दिवसांनी, दुपारी ३:४०

मंडळी, काम झालं. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत.

मावशीशी बोलायचं धाडस चार दिवस होत नव्हतं. शेवटी रविवारी दुपारी तिला गुरुजींची वेदांतची पोस्ट वाचून दाखवली, नुसती वाचली, माझं काही बोलले नाही. ती ऐकून उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिची पत्र्याची पेटी उघडून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात काकांच्या पश्चात तिला मिळणाऱ्या पेन्शनचे कागद. मावशीचं नाव शकुंतला. बँकेत टी च्या पुढे ए आहे, आधारवर नाही. त्या एका ए पायी तिची पेन्शन चार महिने अडली होती आणि हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं, एकटी फेऱ्या मारत होती. मला म्हणाली, "तिथली बाई मला विचारायची, तुम्हीच कशावरून? मी काय सांगणार, मीच आहे म्हणून?" मग कागद परत घडी करून पिशवीत ठेवले आणि म्हणाली, "पोरीला नको ते. तुझं दोन ईचंच राहू दे." अंकशास्त्रवाल्यांचा कागद तिनं फाडला नाही, देवघरात गणपतीच्या पाटाखाली ठेवलाय. नाव घेताना मी मनात एच म्हणत जाईन म्हणाली. मी म्हटलं चालेल.

काल नोंदणीला गेलो, मी, नवरा, मावशी आणि बाळ. कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीनं एस-ए-ई-ई टाइप केलं, माझं नाव आधारप्रमाणे, यांचं नाव, आडनाव, सगळं आम्ही कागदावर लिहून नेलं होतं ते तिनं बघून बघून टाकलं. खिडकी_चार, तुमचं आठवून मी म्हटलं, ताई, एकदा स्क्रीन आमच्याकडे वळवता का. इंग्रजी अगदी बरोबर. आणि त्याखाली मराठीत ठळक अक्षरात साई.

मावशी सातवी शिकलेली, तिला इंग्रजी येत नाही, मराठी येतं. माझ्याआधी तिनंच बघितलं. बाळाला खांद्यावर घेऊन ती टेबलाशी वाकली, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाई, हा काना काढ. आमची सई आहे." त्या मुलीनं लगेच काढला, सॉरीही म्हणाली. मग प्रिंट आली.

जुना_वाचक | दुपारी ४:२०

वाचून फार बरं वाटलं. सईला आशीर्वाद, आणि शकुंतलाबाईंना नमस्कार सांगा.

यवतमाळचा_गुरुजी | दुपारी ४:४५

मावशींच्या आधारवर तो ए आता घालून घ्या ताई. पुढे परत अडायला नको.

रानजाई | रात्री ८:३०

निशिगंध, वाचताना डोळ्यात पाणी आलं. आणि वाचल्यावर उठून मी माझं आधार कार्ड काढून बघितलं. इतकी वर्षं पर्समध्ये आहे, पण मराठी ओळ कधी वाचलीच नव्हती. तिथेही साई आहे. खिडकी_चार, फक्त मराठीतलं नाव दुरुस्त करता येतं का हो? इंग्रजी राहू दे आता, सगळी सर्टिफिकेटं त्याच स्पेलिंगनं आहेत. पण मराठीत तरी माझं नाव मला बरोबर हवंय.

खिडकी_चार | रात्री ९:०५

येतं. आधार केंद्रावर कुठले कागद लागतील ते आधी विचारून घ्या. जन्मदाखलाही सोबत न्या, त्यावर मराठीत सई आहे ना ते आधी बघून घ्या. फॉर्मवर मराठी नाव स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरात लिहा, आणि पावती हातात आली की तिथंच उभं राहून वाचा.

रानजाई | रात्री ९:२०

दाखल्याचा फोटो आईनं आत्ता पाठवला. त्यावर सई आहे. शनिवारी जाते.